पासंग

"हे काय लटकवलंय हो गुल्हाने, पारड्याखाली?"

नवाथे सरांनी डाळीची पिशवी पुढं करता करता विचारलं. आप्पा तूरडाळ जोखत होते. मी दुकानाच्या आतल्या पायरीवर इतिहासाचं पुस्तक उघडून बसले होते, म्हणजे दिसायला वाचत होते. शाळेचे हेडमास्तर आपल्या दुकानात आले की कुणाचं लक्ष पुस्तकात राहील?

"ते होय? पासंग हाय जी," आप्पा म्हणाले.

"म्हणजे? मापात मारता की काय?" सर हसले.

आप्पांना थट्टा वर्ज्य नव्हती, पण तराजूची थट्टा त्यांना खपत नसे. त्यांनी जोखलेली डाळ परत पोत्यात ओतली, वजनं उतरवली आणि पारड्याखाली सुतळीनं बांधलेला लोखंडाचा तुकडा सोडला. रिकामा तराजू डावीकडं कलला.

"पाहा. दोन पारडे सारखे नसतेच कधी. एक घासते, एक चेपते. काही केलं तरी फरक राह्यतेच. हा तुकडा बांधला म्हणजे काटा मधात येते."

"पण मग लबाड दुकानदारही असाच तुकडा बांधत असेल."

"बांधते ना! फरक एकच, सर. पारडे रिकामे असतानी बांधला तं पासंग. माल चढल्यावर बांधला तं चोरी."

सर त्या तराजूकडं बघतच राहिले. भूमितीचं प्रमेय सुटलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, हे मला पुढं मुलांनी सांगितलं. कारण त्यांच्या भूमितीच्या वर्गात आम्ही मुली नव्हतो. "पासंग," ते पुटपुटले, पैसे ठेवले आणि पिशवी विसरून चालू लागले. पिशवी घेऊन मी त्यांच्यामागं धावले. त्या तुकड्याचं ते पुढं काय करणार आहेत हे माहीत असतं, तर मी डाळ परत पोत्यात ओतून गप्प बसले असते.

गोष्ट जुनी आहे. अकरावीला मॅट्रिक म्हणत, त्या काळातली. आमचं गाव अमरावतीहून बसनं दोन-अडीच तासांवर. गावात एकच शाळा, आणि नववीपासून मॅट्रिकपर्यंत सगळ्यांना सगळे विषय सारखे, फक्त एक वेगळा. मुलगे उच्च गणित घेत, मुली गृहशास्त्र. म्हणायला निवड होती. पण दोन्ही तास एकाच वेळी असत, आणि गणिताच्या वर्गात मुलींसाठी बाकच ठेवलेला नव्हता. त्यामुळं निवड करायचा त्रास आम्हाला कधी पडला नाही.

गृहशास्त्राला गावात 'पोळ्यांचा विषय' म्हणत. त्याबद्दल कुणी फार बोलतही नसे, पण आदल्या वर्षी कमल गावंडे सराव परीक्षेत शाळेत पहिली आली आणि गावाची झोप उडाली. संस्थेचे सेक्रेटरी भाऊसाहेब टाले पारावर बसून म्हणाले, "पोट्ट्या पोया लाटून पयल्या येतात, अन् आमचे पोट्टे भूमितीत डोकं फोडून दुसरे! हा कुठचा न्याय?" भाऊसाहेबांचा सुरेंद्र माझ्याच वर्गात होता आणि हुशार होता, हे ओघानं आलंच.

पहिलं येण्याला आमच्याकडं वजन होतं. सराव परीक्षेत जो पहिला येईल त्याला किंवा तिला संस्थेच्या अमरावतीच्या वसतिगृहात एक जागा मिळायची. कॉलेज होईपर्यंत राहणं, जेवण, सगळं संस्थेकडं. सुरेंद्रला ती जागा मानापुरतीच हवी होती. त्याच्या आत्याचं घरच अमरावतीला होतं. माझं तसं नव्हतं. मला बघायला मोर्शीहून पाहुणे येऊन गेले होते. तेलाच्या घाण्याचं घर, मुलगा शांत, पसंती आलेली. आप्पांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं होतं:

"हे पाहा माय, संस्थेची जागा भेटली तं तू जाय. तिथं पोरीले जीव लावणारे लोक हायेत, मले घोर नाई. नाई भेटली तं मी मोर्शीले हो म्हणतो. मंग रडाचं नाई."

आप्पांचा सौदा असाच असे. एकदा बोलले की कमी नाही, जास्त नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी नवाथे सरांनी सगळ्या वर्गांना पटांगणात बसवलं आणि फळ्यावर तराजू काढला. डावं पारडं खाली, उजवं वर. मी कपाळावर हात मारला.

"काही विषय सोपे असतात, काही अवघड," सर म्हणाले. "सोप्या विषयाचं पारडं उगाच झुकतं. यंदापासून आपण गुणांना पासंग लावणार आहोत. प्रत्येक मुलाला बाकीच्या विषयांत किती गुण पडतात आणि या एका विषयात किती पडतात, हे ताडून पाहायचं. तेच पोतं दोन काट्यांवर जोखलं आणि वजन वेगळं आलं, तर खोट पोत्यात नसते, काट्यात असते. ज्या काट्यात जेवढी खोट, तेवढा पासंग."

रीत काय सांगितली ते कुणी ऐकलंच नाही. 'सोपा विषय' एवढं ऐकून सगळ्या माना आम्हा मुलींकडं वळल्या होत्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेच्या बैठकीत ठराव आला तेव्हा पहिला हात भाऊसाहेबांचा वर गेला, असं शिपायानं येऊन सांगितलं.

घरी जाऊन मी आप्पांवर तोंड टाकलं. "तुमीच शिकवलं त्यायले! आपल्याच हातानं पोरीच्या पायावर धोंडा पाडला."

आप्पा ओशाळले. "मी तं डाय जोखून राह्यलो होतो, माय. मले काय ठाव मास्तर शाळेत तराजू नेईन म्हणून?"

आता सबनीस बाईंबद्दल सांगायला हवं. गृहशास्त्र त्या शिकवत. नागपूरच्या. एकट्या राहत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, त्यामुळं वेळ बघताना त्या कुणाला तरी मारायला हात उगारताहेत असं वाटे. मारलं त्यांनी कधी कुणाला नाही, मारायच्या त्या गुणांनी. साठाच्या वर गुण त्यांच्या हातून सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कमल गावंडे पहिली आली ती बाकीच्या विषयांच्या जोरावर. बाईंनी तिलाही साठच दिले होते. पण हे गावाला कोण सांगणार?

"बाई, थोडे तरी सढळ हातानं द्या ना," एकदा आमच्यातल्या एकीनं म्हटलं.

"भाकरी करपली की करपली," बाई म्हणाल्या. "थोडी करपली, जास्त करपली, असं खाणारा म्हणत नाही."

वह्या ठेवायला मी शिक्षकांच्या खोलीत जायची, तेव्हा एक पाहिलं होतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी शिक्षक हटकून विचारायचे, "काय बाई, आज काय शिजलं?" आणि बाकीचे हसायचे. बाई हसत नसत, रागावतही नसत. त्या डबा उघडायच्या आणि खिडकीकडं तोंड करून जेवायच्या. मला तेव्हा वाटायचं, बाईंना विनोद कळत नाही.

सराव परीक्षेत गृहशास्त्राचं प्रात्यक्षिक झालं. कापडाच्या पट्टीवर काजं करायची, बाहुलीला तान्ह्या बाळासारखी आंघोळ घालून दाखवायची आणि तापातून उठलेल्या माणसासाठी भाताची पेज करायची. मी जीव ओतून केलं. काजं करताना दोन वेळा उसवली आणि तिसऱ्यांदा केली, कारण टाके मनासारखे पडेनात. बाळाला पाणी घालण्याआधी कोपरानं ऊन-गार बघितलं, मानेखाली हात घेतला, कानात पाणी जाऊ दिलं नाही. पेजेला गाठ नव्हती. बाई पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

गुण कळले. अठ्ठावन्न.

मी धीर करून गेले. "बाई, माझं कुठं चुकलं?"

"शोध," बाई म्हणाल्या आणि मनगट उलटं करून घड्याळ बघितलं.

मी शोधायला लागले. पेजेत मीठ जास्त झालं का? बाळाचे केस आधी पुसले, की अंग? काजाच्या टोकाला गाठ मोठी आली का? आईसोबत भांडी घासताना, दुकानात बसताना, अंथरुणावर पडल्या पडल्यासुद्धा मी त्या बाहुलीला आंघोळ घालत होते. चूक काही सापडेना.

बेरीज लागली. सुरेंद्र पहिला, मी दुसरी, नऊ गुणांनी मागं. आणि अजून पासंग लागायचाच होता. आधीच नऊनं मागं पडलेल्या पोरीला तो आणखी किती खाली ओढणार, हे बघायची मला हौस नव्हती. आईनं मोर्शीकरांसाठी नवी सतरंजी काढून उन्हात घातली. मी ती बघून न बघितल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी सुरेंद्रला आणि मला पालकांसह शाळेत बोलावलं. सरांच्या खोलीत भाऊसाहेब खुर्चीवर बसले होते. सुरेंद्र मागं उभा, नव्या कोऱ्या शर्टात. कोपऱ्यात सबनीस बाई. आप्पा बाकाच्या अगदी टोकाला टेकले आणि टोपी काढून मांडीवर घेतली. सरांच्या पुढ्यात एक कागद होता. त्याकडं ते असे बघत होते, जणू पोटचं मूल गणितात नापास झालंय.

"करायला गेलो गणपती," सर म्हणाले, "आणि झाला मारुती."

"म्हणजे काय, सर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पासंग उलटा निघाला. तीनदा ताडून पाहिलं. बाकी विषयांत सत्तराच्या घरात असणाऱ्या मुली बाईंच्या विषयात साठाच्या आसपास येतात. बाकी विषयांत साठ मिळवणारी मुलं माझ्या गणितात पासष्ट मिळवतात. सगळ्यांचा मेळ घातला तर गृहशास्त्रात आठ गुण वाढवावे लागतात आणि गणितातले पाच कमी करावे लागतात."

खोलीत क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मला तर नाहीच. मनातल्या मनात जमेना, म्हणून बोटांवर बेरीज करू लागले. आठ आणि पाच तेरा. तेरातून नऊ गेले.

"म्हणजे," भाऊसाहेब सावकाश म्हणाले, "पोया अवघड अन् भूमिती सोपी? हे कुठं आयकलं हाय का कोनी?"

"जगातलं मला ठाऊक नाही. आपल्या शाळेत तसं आहे."

"मंग राहू द्या ना जी तो पासंग! पयल्यासारखं होतं तेच बरं होतं. मी बैठक बोलावतो, ठराव मागं घेऊन टाकू."

सरांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी टोपीकडं.

"ठराव झाला तेव्हा पारडी रिकामी होती, भाऊसाहेब," सर म्हणाले. "परीक्षा व्हायची होती. कोण वर जाणार, कोण खाली, तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, मुलींचेच गुण कमी होतील. आता माल चढला आहे. आता तुकड्याला हात लावला तर त्याला चोरी म्हणतात. हे मी माझं सांगत नाही, जाणत्या माणसाकडून ऐकलेलं आहे."

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मला हे मान्य नाही."

सबनीस बाई उभ्या राहिल्या होत्या. शत्रूच्या हातून सुटावं आणि आपल्याच माणसानं दार लावावं, तसं झालं.

"माझ्या मुलींनी जे मिळवलं, ते त्यांचं आहे," बाई म्हणाल्या. "वरून आठ गुण टाकणं ही भीक झाली. उद्या गाव म्हणेल, पोळ्यावाल्यांना फुकट गुण वाटले. तीस जणींपैकी एकीनंही आजवर माझ्याकडं फुकटचा एक गुण घेतलेला नाही."

"भीक नाही, बाई," सर म्हणाले. "तुमच्या काट्यात खोट आहे, ती काढायची आहे."

"माझा काटा खोटा?"

"माझाही खोटा आहे." सर खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "मुलं गणिताला घाबरतात, म्हणून मी हात सैल सोडला. अर्ध्या सिद्धतेला पुरे गुण दिले. तुमच्या विषयाला कुणीच घाबरत नाही, म्हणून तुम्ही मूठ आवळली. गुण देताना आपण मुलांकडं बघायचं होतं बाई. आपण लोकांकडं बघत बसलो."

भाऊसाहेबांनी लगेच संधी साधली.

"बाईच नाई म्हनतात तं विषयच संपला! ज्यांचा विषय, त्यांचं म्हननं. काय बाई?"

सगळे बाईंकडं बघू लागले. त्यांनी एक 'हो' म्हटलं की माझी सतरंजी अंथरली जाणार होती. आप्पांच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. मुलीसाठी पदर पसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि सौद्यात तर नव्हतंच.

बाई माझ्याकडं वळल्या. "रेणुका, तुला काय वाटतं?"

तीन वर्षांत बाईंनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. 'शोध', 'उसव', 'पुन्हा कर' हेच ऐकायची सवय. मानाचं काहीतरी बोलावं, बाईंच्या ताठ मानेला शोभेल असं, हे मला कळत होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बाई, मला अमरावतीला जायचंय."

एवढंच. आणि मग मला रडू आलं, भर खोलीत, भाऊसाहेबांसमोर आणि सुरेंद्रसमोर. पुसायला रुमालही नव्हता.

बाईंनी घड्याळ बघावं तसं मनगट उलटं केलं, पण घड्याळाकडं बघितलं नाही.

"लावा पासंग," त्या म्हणाल्या आणि कुणाचा निरोप न घेता खोलीबाहेर गेल्या.

बाहेर पटांगणात सुरेंद्रनं मला गाठलं. मला वाटलं, आता हा काहीतरी लागेल असं बोलणार. तो शर्टाचं बटण चाळवत उभा राहिला.

"काय वं रेणुका, खरंच बाळाले आंघोळ घालनं इतकं अवघड असते?"

"डोळ्यात साबण न जाऊ देता घालून पाहा," मी म्हटलं.

"मले भूमितीच बरी," तो म्हणाला आणि हसला. भाऊसाहेब मात्र पुढं वर्षभर आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. डाळ ते दुसरीकडून घेत. आप्पा म्हणत, "घेऊ दे. तिथल्या तराजूले पासंग नाई, घरी गेल्यावर कयीन."

मॅट्रिक झाली. मोर्शीच्या घाण्याला दुसरी सून मिळाली. जूनमध्ये मी अमरावतीला निघाले, त्या सकाळी आप्पांनी पेढ्यांचा पुडा हातात दिला आणि म्हणाले, "पयले बाईकडं जाय. देवाकडं मंग."

बाई पुढच्या खोलीत मशीनवर काहीतरी शिवत होत्या. मी पेढा पुढं केला. त्यांनी तो घेतला, पण खाल्ला नाही, टेबलावर ठेवला. बसची वेळ होत आली होती, तरी माझा पाय निघेना. महिनोन्महिने डोक्यात घोळत होतं, ते शेवटी विचारलंच.

"बाई, मी अजून शोधतेय. प्रात्यक्षिकात माझं कुठं चुकलं होतं?"

बाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. उठल्या, कपाट उघडलं आणि कापडाची एक पट्टी काढून माझ्या हातात दिली. माझी काजांची पट्टी. परीक्षेनंतर सगळ्यांच्या पट्ट्या परत मिळाल्या होत्या, माझी हरवली असं मला सांगितलं होतं. मी एकेक काज उलटसुलट करून पाहिलं. लाल पेन्सिलीची खूण कुठं दिसेना.

"कुठं, बाई?"

"कुठंच नाही," बाई म्हणाल्या. "काहीच चुकलं नव्हतं. इतकी सारखी काजं मलाही येत नाहीत." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा हळू. "अठ्ठावन्न मी परीक्षेच्या आधीच ठरवून ठेवले होते. हुशार मुलीला जास्त दिले तर म्हणतील विषयच सोपा. कमलच्याही वेळी तेच केलं. तिच्याआधीच्या कितीजणींना... त्या कुठं गेल्या असत्या, कोण जाणे."

बाहेर आप्पांची हाक आली, बस लागली होती. मी वाकून नमस्कार केला. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.